तिवरणचं खापर

“मग या रेघेला तुम्ही काय म्हणाल, बाबा?”

प्रद्योतने टॅबलेट सहजनाथबाबांच्या मांडीवर ठेवला होता. पडद्यावर उपग्रहाने टिपलेली तिवरणची खाडी. काठाकाठाने एक लांब, सरळ रेघ आणि तिला काटकोनात दोन आखूड रेघा.

बाबांनी चष्मा लावला. काढला. परत लावला.

“बांध म्हणेन,” ते म्हणाले.

प्रद्योत हसला. हे उत्तर त्याने पुष्कळांकडून ऐकलं होतं. बांध वरचा, तो समजावू लागला. खारं पाणी अडवायला शेतकऱ्यांनी माती टाकली, ती जुन्या दगडी धक्क्यावर. याच धक्क्यावरून गलबतं मिसरला जात, रोमला जात आणि तिथून महासागर ओलांडून पार पेरू देशापर्यंत.

त्याच्या व्हिडिओंवर रोमपर्यंत कुणी फारसं भांडत नव्हतं. भांडण पेरूवरून होतं. तिथल्या किनाऱ्यावरच्या अशाच रेघांचं छायाचित्र प्रद्योतकडे होतं. दोन्ही एकावर एक ठेवली की तंतोतंत जुळत. थोडी फिरवावी लागत, एवढंच.

येत्या रविवारी जिल्ह्याच्या गावी जाहीर वादसभा होती. समोर दोन प्राध्यापक. ते दर वेळी एकच मागत : जमिनीतून निघालेलं एक तरी खापर दाखवा. मडक्याचा एखादा तुकडा, बाकी काही नको.

तेवढंच नेमकं प्रद्योतकडे नव्हतं. म्हणून तो मठात आला होता. लहानपणी तो सुट्टीत इथे राहायचा, बाबांनीच त्याला नक्षत्रं ओळखायला शिकवली होती. इथे बंदर होतं असं मठात पूर्वापार सांगतात, एवढंच बाबांनी कॅमेऱ्यासमोर म्हणायचं होतं. मग खापराची गरजच उरली नसती.

बाबांनी टॅबलेट बाजूला ठेवला.

“आज कुठून आलास?”

“पुलावरून. गाडीने.”

“बांधावरून नाही आलास...”

“चिखल असतो, बाबा.”

“असतो.”

बाबा उठून आत गेले. परत आले तेव्हा हातात फडक्याची पुरचुंडी होती. त्यांनी ती सोडली. आत तांबड्या मातीचा, पंज्याएवढा एक तुकडा. आतल्या अंगाला भाताचे काही दाणे चिकटलेले.

प्रद्योतने तो दोन्ही हातांनी उचलला. दाणे आहेत म्हणजे प्रयोगशाळेत वय काढता येईल, तो भराभर बोलू लागला. रविवारी हे टेबलावर ठेवलं की प्राध्यापकांची बोलतीच बंद.

“कुठे सापडलं?”

“बांधाच्या आत. द्रौपदीच्या दारात.”

“किती जुनं असेल?”

“गेल्या अमावास्येचं.”



मग बाबांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, आवाज न चढवता. विश्वास नसेल तर उकरून पाहा, खाली दगड लागेल, असं प्रद्योत व्हिडिओत म्हणाला होता. बाहेरगावच्या काही जणांनी ते मनावर घेतलं. कुदळी घेऊन आले. बांध उकरला. माती निघाली, तिच्याखाली आणखी माती निघाली. कंटाळून ते निघून गेले. अमावास्येच्या उधाणाला बांध तिथेच फुटला आणि खाडी भातशेतीत शिरली. द्रौपदीकाकीच्या घरातही शिरली. तिचं बियाण्याचं मडकं फुटलं.

द्रौपदीकाकी म्हणजे लहानग्या प्रद्योतला बांधावरून मठात आणून सोडणारी. ती काठी टेकत पुढे चालायची आणि मागे वळून न बघता विचारायची, आहेस ना रे?

“काकी कुठे आहे?”

“लेकीकडे गेली. जमीन पुन्हा गोडी व्हायला काही वर्षं लागतील म्हणतात. तिच्याकडे तेवढी आहेत की नाहीत, कोण जाणे.”

मी कुठे कुदळ मारली, हे वाक्य प्रद्योतच्या ओठांपर्यंत आलं. तिथून परत गेलं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि लाजेपाठोपाठ रागही आला.

“तुम्ही व्हिडिओ पाहिला होता?”

“पाहिला.”

“मग मला अडवलं का नाहीत?”

बाबा खाडीकडे बघत राहिले. ओहोटी लागली होती. फुटक्या बांधातून शेतातलं पाणी परत खाडीत चाललं होतं.

“लहानपणी त्या बांधावर तुझे पाय रुतायचे. रडायचास. मी मठाच्या पायरीवरून ओरडून सांगायचो, भिऊ नको, खाली दगडी धक्का आहे, राजाची जहाजं लागायची तिथे. मग तू धावत यायचास.”

“म्हणजे... ते खरं नव्हतं?”

“तू पोचायचास.”

“आणि नंतर? मोठा झाल्यावर तरी सांगायचंत.”

“सांगायला हवं होतं. व्हिडिओ पाहिला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.” बाबा थांबले. “पण त्यात तू माझं नाव घेतलंस. माझ्या गुरूंनी सांगितलं, म्हणालास... मला बरं वाटलं.”

टॅबलेटचा पडदा आपोआप विझला.

“रविवारी त्यांना काय सांगू?” प्रद्योतने विचारलं.

बाबांनी त्याच्या हातातून खापर घेतलं. उंबऱ्यावर आपटलं. त्याचे दोन तुकडे झाले. एक त्यांनी फडक्यात बांधून कमरेला खोचला. दुसरा प्रद्योतच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली.

“अर्धं तुझं.”