शेळीच्या अंगणाखालची भिंत

त्या राज्यात सपाट जमीन कुणाच्याच वाट्याला आलेली नव्हती. सगळा मुलूख उताराचा. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणाचं तरी अंगण होतं आणि प्रत्येकाच्या अंगणाखाली कुणाची तरी बाग. वरच्याचा भार खालच्याने सांभाळावा असं सगळे मानत, आणि बहुतेक जण तो सांभाळतही.

उताराच्या मधल्या टप्प्यावर एका साळिंदराची बाग होती. सुरण, अळू, रताळी. एका पोटाला पुरून उरेल एवढं. बरोबर वरच्या टप्प्यावर एक म्हातारी शेळी एकटीच राहायची. तिचं खोपटं, दारात दगडी ओटा आणि पुढे जेमतेम अंगण. साळिंदराला रताळ्यांचा आणखी एक वाफा हवा होता आणि जागा नव्हती. मग एका दुपारी त्याने उताराचा पायथा थोडासा कोरला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. आठवडाभरात दोन हात जागा निघाली, वाफा झाला, वेल लागले. उताराला काय कळतंय, असं त्याला वाटलं.

उताराला कळलं. वरची माती सुटून वाफ्यात पडू लागली आणि शेळीच्या अंगणाला भेग गेली. शेळी चाचपडत खाली आली.

"साळिंदरभाऊ, माझी माती तुमच्या वाफ्यात पडतेय हो. मला बाई फार ओशाळं वाटतं. इतकी वर्षं कधी घसरली नव्हती. माझ्याच चालण्याने सुटत असेल."

खरं सांगायची वेळ तीच होती. साळिंदराने तोंड उघडलंही, पण बाहेर आलं ते भलतंच.

"असू दे, शेळीमावशी. मी भिंत घालतो."

शेळीच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीला दगड हवेत म्हणून तिने आपला ओटा उकलला आणि एकेक दगड खाली पाठवला. साळिंदराने ते घेतले. घेताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याने उगाचच प्रत्येक दगड धुऊन ठेवला.

गवंडीकाम कुंभारमाशीकडे होतं. तिने पायथ्याभोवती दोन घिरट्या घातल्या आणि कोरलेली जागा ओळखली; पण दुसऱ्याची उणीदुणी काढण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

"पाया दीड हात रुंद लागेल," ती म्हणाली. "भिंत आतल्या अंगाला झुकती घेऊ. मागे गोटे भरायचे, पाण्याला भोकं ठेवायची."

"आणि वाफा?"

"वाफा जाईल."

साळिंदराने वाफ्याबाहेर गेलेला एक वेल उचलून परत आत घेतला.

"वीतभर रुंदीची घाल," ते म्हणालं. "सरळ उभी. भोकं नकोत, वाफ्यात चिखल होईल."

कुंभारमाशीने दोनदा समजावलं, मग हवी तशी बांधून दिली. भिंत दिसायला मात्र देखणी झाली. येणारे-जाणारे थांबून बघत, आणि शेळी वरून प्रत्येकाला सांगे, "माझ्यासाठी घातलीय हो. सख्ख्या भावाने तरी घातली असती का?"

हे ऐकलं की साळिंदराला घास गोड लागत नसे. नव्या वाफ्यातल्या रताळ्यांच्या दोन टोपल्या त्याने शेळीकडे पाठवल्या. तिने पुन्हा आभार मानले, आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावसाळा लागून महिना झाला तसं भिंतीमागे पाणी तुंबलं आणि भिंतीला पोट आलं. वर जाऊन शेळीला सावध करावं, तर कारणही सांगावं लागणार. साळिंदराने काटे अंगाशी मिटले, पाय रोवले आणि भिंतीला पाठ लावली. पोट तेवढ्यापुरतं थांबलं. पाठ काढली की दगड करकरत. मग ते तिथेच राहू लागलं. तोंडाला येईल ते खायचं, उभ्या उभ्या डुलकी घ्यायची. बघणाऱ्यांना वाटे, केवढी माया आहे याची या भिंतीवर!

पंचांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी साळिंदराचा सत्कार ठरवला. शाल आली, नारळ आला, सगळा उतार बागेत जमला. हार शेळीच्या हातून घालायचा होता. पावसाने वाट निसरडी झाल्यामुळे तिला खाली उतरणं जमेना, म्हणून तिने वरूनच तो गळ्यात सोडावा असं ठरलं.

"या, दोन पावलं पुढे या," पंचांचा म्होरक्या हुप्प्या शाल उलगडत म्हणाला.

"इथेच ठीक आहे मी."

लोक कौतुकाने हसले. तेवढ्यात वर पावलं वाजली, आणि साळिंदराच्या पाठीमागे भिंत बोटभर सरकली.

"मावशी, मागे सरा!" ते जिवाच्या आकांताने ओरडलं. "हार नको मला! पायथा मीच कोरलाय, चार रताळ्यांसाठी! तुमची माती मी सोडवली!"

हुप्प्या शाल उंचावून लोकांकडे वळला.

"ऐकलंत? एवढं करूनही दोष स्वतःकडेच घेतो. मोठं मन म्हणतात ते हे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यात साळिंदराचं पुढचं ओरडणं कुणालाच ऐकू गेलं नाही. वर शेळीने डोळे पुसले, आणि हार नीट गळ्यातच पडावा म्हणून ती आणखी थोडी काठाशी आली.