तिसरा शब्द

एकदा एका फिरत्या नाटक मंडळीत एक वृद्ध तालीममास्तर होते. ऐन उमेदीत त्यांनी मोठमोठ्या भूमिका गाजवल्या होत्या. पुढे आवाज बसला, तेव्हा ते नव्या नटांना शिकवू लागले आणि प्रयोगाच्या वेळी हातात वही घेऊन विंगेत बसू लागले. एखादा नट वाक्य विसरला की ते हळूच पहिले दोन शब्द पुरवीत. दोनच. “तिसरा शब्द नटाचा,” असे ते म्हणत. “तोही मीच द्यायचा, तर मग पागोटंही मलाच बांधा.”

त्यांचा एक शिष्य मंडळीतला प्रमुख नट होता. त्या हंगामात मंडळी एक जुनी शोकांतिका करीत होती. रणात कधी न हरलेला सरदार, त्याची निष्पाप पत्नी आणि सरदाराचे कान भरणारा एक चाकर. चाकराचे ऐकून सरदार पत्नीचा जीव घेतो आणि सत्य कळल्यावर ऊर बडवून घेतो. शिष्याला ही भूमिका मनातून आवडत नसे. “मास्तर, हा सरदार शतमूर्ख आहे,” तो म्हणे. “तोफांना न भ्यालेला माणूस कुजबुजीने वेडा होतो? प्रेक्षकांना हे पटायचं कसं?” मास्तर सुपारी कातरीत हसत आणि विषय तिथेच सोडून देत.

आता या शिष्याचे एक दुखणे होते. ते त्याने कुणालाच सांगितले नव्हते, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्याला गाता येत नसे. भाषणात तो वाघ; पण ऑर्गनचा सूर लागला की त्याची शेळी होई. आणि त्याची पत्नी वेणू गाण्याची मोठी वेडी. ती मंडळीच्या कपडेपटात शिवणकाम करी आणि सुईत दोरा ओवतानाही गुणगुणे. ऑर्गनवादक श्रीपाद दुपारी सराव करू लागला, की ती शिवण घेऊन तिथेच जाऊन बसे. एवढेच होते. पण मत्सराला याहून अधिक लागत नाही.

नटांचे चेहरे रंगवण्याचे काम भिकोबाकडे होते. प्रमुख भूमिका आपल्या धाकट्या भावाला मिळावी, ही त्याची जुनी इच्छा. चेहरा रंगवून घेताना नटाला डोळे मिटून बसावे लागते, कान तेवढे उघडे राहतात.

“वेणूवहिनी आज…” भिकोबा म्हणे आणि थांबे.

“काय आज?”

“कुठं काय! तोंड मिटा, रंग फिसकटेल.”

दुसऱ्या दिवशी, “नशीब श्रीपादचं…” आणि पुन्हा गप्प. तिसऱ्या दिवशी त्याने नुसता सुस्कारा सोडला, आणि तोही पुरला.

शिष्य आतून जळू लागला. वेणू हसली की त्याला वाटे, श्रीपाद आठवला असेल. हसली नाही, तर वाटे, मला पाहून हसू गिळले. श्रीपादच्या कोटाला नवे बटण दिसले, तेव्हा तो दिवसभर त्या बटणाकडे पाहत राहिला. तिने वाढलेले ताट तो तसेच सारून उठे. भर दुपारी तो पडद्याआड उभा राहून ऑर्गन ऐके आणि सूर थांबले की पडद्याच्या फटीतून डोकावे. आता का थांबले? प्रमुख नटाला असे चोरून उभे राहण्याची लाज वाटत होती. पण पाय तिथून हलत नव्हते.

अखेर एका सकाळी तो मास्तरांपुढे येऊन उभा राहिला. “आजचा प्रयोग झाला की उद्या वेणूला माहेरी पोचवतो. कायमची.”

मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला. “कशावरून?”

“भिकोबाने सगळं सांगितलंय. ती दुपारभर श्रीपादपाशी असते. मला पाहिलं की दोघं गप्प होतात. तिला माझी लाज वाटते.”

“हे भिकोबा म्हणाला?”

“अक्षरन् अक्षर.”

मास्तर म्हणाले, “बरं. तिला नेण्याआधी माझ्यासमोर एक तालीम कर.”

रिकाम्या रंगमंचावर दोघेच होते. मास्तर विंगेत वही घेऊन बसले. त्यांनी सरदाराच्या भाषणाचे दोन शब्द दिले. शिष्याने पुढचे भाषण धडाधड म्हटले. मग मास्तरांनी भलतेच दोन शब्द दिले, “नावाड्या, वल्हं…” शिष्य पाहतच राहिला.

“नावाड्या, वल्हं…” मास्तर पुन्हा म्हणाले.

“पुढे काय? हे कुठल्या नाटकातलं, मास्तर? मी हे पाठच केलेलं नाही!”

मास्तरांनी पान उलटले आणि त्याच स्वरात म्हटले, “वेणू आज…”

“…पुन्हा त्याच्यापाशी बसली, आणि मला पाहून गप्प झाली, कारण तिला माझी लाज—”

शिष्याची जीभ अडखळली. नाट्यगृहात त्याचा स्वतःचाच आवाज घुमत होता.

मास्तरांनी वही मिटली. “हे भाषणही या वहीत नाही. मी दोन शब्द दिले, बाकीचं तू बोललास. आता आठव, भिकोबाने किती दिले होते?”

“दोनच,” शिष्य म्हणाला.

“बाळा, कान भरणारा म्हणजे माझ्यासारखाच विंगेत बसलेला माणूस. ज्याने पाठ केलेलं नाही, त्याच्याकडून तो एक अक्षर वदवू शकत नाही. तुला गाता येत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ‘मी वेणूला आवडूच कसा शकेन?’ हे भाषण तू लग्नापासून मनात घोकतोयस. भिकोबाला फक्त सुरुवात करून द्यायची होती. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. तुझ्या मनी वसलेलं तुला त्याच्या तोंडून ऐकू आलं.”

“म्हणजे वेणू निर्दोष आहे?”

“पुन्हा मलाच विचारतोस? तुझ्या त्या सरदारानेही साऱ्यांना विचारलं. बायकोला विचारायला गेला, तेव्हा हात तिच्या गळ्याशी होते.”

शिष्य उठून कपडेपटात गेला. वेणू सरदाराचा अंगरखा शिवत होती. काय विचारायचे ते त्याने वाटेत ठरवले होते. तोंडातून निघाले मात्र दुसरेच.

“वेणू, मला गाता येत नाही.”

तिने दातांनी दोरा तोडला. “ते का मला ठाऊक नाही? मला बघायला आलात, तेव्हा काकांनी आग्रहाने पद म्हणायला लावलं होतं तुम्हाला. आमची गाय दावं तोडून पळाली.” ती हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. “तरीही मी होच म्हटलं ना? तुमचं बोलणं ऐकून म्हटलं. श्रीपादभाऊजींचा ऑर्गन दुपारी ऐकते. तुमचं बोलणं मात्र महिनाभर कानावर पडलेलं नाही.”

तो तिच्याजवळ बसला आणि अंगरख्याची दुसरी बाजू धरून राहिला.

संध्याकाळी तो चेहरा रंगवायला बसला. सरदाराला मूर्ख म्हणण्याची हिंमत आता त्याच्यात उरली नव्हती. भिकोबाने कुंचला उचलला.

“वेणूवहिनी आज…” तो म्हणाला आणि नेहमीप्रमाणे थांबला.

शिष्याने डोळे उघडले. “हं. पुढे?”

“कुठं काय! तोंड मिटा, रंग—”

“फिसकटू दे. पुढे काय, भिकोबा? सांग.”

भिकोबाचा कुंचला हवेतच राहिला. पुढे काय, हे त्याला कधीच ठाऊक नव्हते.