धुरपाआत्याचे रंग

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते कुणी मोजलेलं नाही. करंजखिंडीत तेव्हा गाडीरस्ता नव्हता, आणि मीठ आणायला माणसं दोन दिवस घाट उतरत. त्या काळी गावात धुरपाआत्या राहत होती. ती माळ्याच्या घरातली लेक. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, म्हणून माहेरी परत आली आणि भावाच्या मळ्यात राबू लागली. भावाची मुलं तिला आत्या म्हणत. त्यांचं ऐकून शेजारची म्हणायला लागली आणि शेवटी गावचे पाटीलसुद्धा तिला आत्याच म्हणू लागले.

तिच्या हाताला गुण होता. तिनं लावलेली वांगी अशी चकचकीत निघत की बाया त्यात बघून कुंकू लावत, असं म्हणतात.

आत्याची पन्नाशी उलटली होती तेव्हाची गोष्ट. एके सकाळी ती खुरप्याला धार लावून घ्यायला सटवाजी लोहाराच्या भट्टीवर गेली. सटवाजीच्या ऐरणीवर तेव्हा एक तापलेला तुकडा होता. त्याची बायको चिमाबाई समोरून घण घालत होती आणि सटवाजी हातोड्यानं त्या तुकड्याला वळण देत होता. बघता बघता तुकड्याची जीभ झाली, जिभेचं पान झालं आणि पानाचा कोयता झाला. आत्या टोपली उतरवून बसली ती उठेचना. खुरपं कधीच तयार होऊन पायाशी पडलं होतं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ती म्हणाली, "सटवा, मला शिकवशील का हे?"

सटवाजी हसला. "आत्या, कोयता हवा तर न्या की. शिकायचं कशाला?"

"कोयता नको. करायला शिकव."

"आन् करून काय करणार?"

"काही नाही. हौस."

लोहाराच्या घरातल्या बाया घण घालतच आल्या आहेत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण माळ्याच्या बाईनं, तेही या वयात, घण उचलायचा म्हणजे गावाला चघळायला विषयच झाला. पाणवठ्यावर बाया विचारत, आत्या आता दोडक्याला नाल ठोकणार का. पारावरचे म्हातारे म्हणत, देवळात बसून माळ ओढायचं वय आणि ही भाता ओढायला निघाली. आत्या त्यांना म्हणे, माळ ओढून तुम्ही काय घडवलंत ते दाखवा, मग मीही ओढते. चिमाबाईनं मात्र एका शब्दानं नाही म्हटलं नाही. माझे खांदे गेले आहेत, येऊ दे तिला, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

म्हणून आत्या मळ्यातलं काम उरकून रोज दुपारी भट्टीवर जाऊ लागली. पहिलं वर्षभर सटवाजीनं तिला नुसता भाता ओढायला लावलं. दुसऱ्या वर्षी खिळे. तिसऱ्या वर्षी तिनं पहिली सुरी केली. ती सुरी म्हणावी तर वाकडी होती आणि उलथणं म्हणावं तर अरुंद. सटवाजीनं ती उलटसुलट करून पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आत्या, हिला धरायचं कुठल्या बाजूनं?"

पुढच्या सुऱ्या दिसायला बऱ्या झाल्या, पण एक अडचण उभी राहिली. पातं तापवून पाण्यात बुडवलं की टिंग आवाज येई आणि पातं तडके. असं एकदा झालं, तीनदा झालं, सात वेळा झालं. आत्या रडकुंडीला आली. सटवाजीला काही कळेना. मग एक दिवस त्यानं तिला विहिरीवरून घागर भरून येताना पाहिलं. झालं होतं असं, की भट्टीपाशी ठेवलेल्या दगडी डोणीतलं काळं, कोमट पाणी आत्याला घाण वाटायचं. रोपाला ताजं पाणी घालायची सवय, म्हणून ती पात्यासाठी रोज डोण रिकामी करून ताजं गार पाणी ओतत होती. सटवाजी कपाळाला हात लावून खाली बसला. म्हणाला, "आत्या, ही काय मिरचीची रोपं हाईत? अवो, तापल्या अंगावर गार पाणी पडलं तर माणूस दचकतं, लोखंड न्हाई दचकणार?"

त्या दिवसापासून तडकणं थांबलं. मग सटवाजीनं तिला खरी विद्या दिली, ती म्हणजे रंगांची. पातं तापवून एकदा बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं, आपटलं तर फुटतं. म्हणून ते घासून उजळायचं आणि पुन्हा हळूहळू शेकायचं. तेव्हा त्याच्या अंगावरून रंग चालत जातात, एकामागून एक. नेमक्या रंगाला उचलून पाण्यात घातलं तरच धार टिकते. थोडं अलीकडे झालं तर पातं फुटतं, थोडं पलीकडे गेलं तर वाकतं. सटवाजी हे रंग नुसते बघून ओळखायचा. त्याच्या बापानं त्याला त्यांची नावं सांगितली नव्हती आणि आजोबानं बापाला. पण आत्याला नावाशिवाय काही ध्यानात राहत नसे. तिनं मळ्यातली नावं दिली. पहिल्या आचेला पातं केशरी होई, त्याला ती झेंडू म्हणे. मग शेकताना आधी गव्हाचं काड, मग मध, मग वांगं आणि शेवटी गोकर्ण. सुरी मधावर उचलायची, कोयता वांग्यावर. गोकर्णापर्यंत गेलं की ते पातं भाजीलाही नको. सटवाजी आधी हसला, पण महिन्याभरात त्याच्याही तोंडात तीच नावं बसली.

आत्याच्या सुऱ्या मग अशा होऊ लागल्या की बोलून सोय नाही. तिच्या सुरीनं वांगं कापलं तर कापलेलं वांग्यालाच कळत नसे. देठ धरून उचललं म्हणजे मगच ते चार फोडी होऊन ताटात पडे, असं म्हणतात. त्या सुऱ्या ती कधी विकायला बसली नाही. गावातली लेक सासरी निघाली की आत्या तिच्या ओटीत एक सुरी घाली आणि म्हणे, "भाजी चिरताना माझी आठवण काढ, बाकी कशाला काढू नकोस."

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात, आत्या भाता ओढत असताना, सटवाजीनं एक कोयता शेकायला धरला. वांगं आलं. आत्याला वाटलं, आता उचलेल. पण तो थांबला. गोकर्ण आलं, तेही गेलं, तेव्हा त्यानं पातं पाण्यात घातलं. आत्या भाता ओढतच राहिली. दुसऱ्या पात्याला त्यानं मध यायच्या आतच उचललं. मग तिनं हळूच विचारलं, "सटवा, आता रंग कोणता होता रे?"

त्यानं हातातला सांडसा खाली ठेवला. मग म्हणाला, "आत्या, मला सगळीकडं धूरच दिसतो. भट्टी इझली तरी दिसतो."

चिमाबाईला ठाऊक होतं. तिनं पदर तोंडाला लावला. ही भट्टी गावानं दिलेल्या जागेवर होती, राहतं घरही त्याच जागेवर. सटवाजीच्या आजोबानं ही ऐरण पाठीवर बांधून घाट चढवली होती आणि तेव्हापासून खळ्यावरची पहिली पेंढी लोहाराच्या घरी जात होती. लोहाराचे डोळे गेले हे कळलं असतं तर गावानं दुसरा लोहार आणला असता. मग या वयात सटवाजीनं आणि चिमाबाईनं कुठं जायचं? सटवाजीनं आत्याला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही. आत्यानं सांगितलं नाही. ती फक्त भात्यापाशी बसून हळू आवाजात रंग सांगू लागली. झेंडू. काड. मध. वांगं. आणि सटवाजीचा हात त्या शब्दावर पातं उचलू लागला. लोकांना वाटे, आत्या मंत्र म्हणते. दोन सुग्या अशा निघाल्या आणि कुणाला काही कळलं नाही.

तिसऱ्या सुगीला आत्याची भाची बाळंत व्हायची होती. आत्या तिच्या गावी गेली आणि महिनाभर अडकली. इकडे कापणी तोंडावर आलेली. सटवाजीनं अंदाजानं विळे-कोयते केले. पहिल्याच दिवशी निम्मे वाकले आणि उरलेले फुटले. भात उभं राहिलं. माणसं वाकडे विळे घेऊन रखमाजी पाटलांच्या दारात जमली. पाटील तसे वाईट नव्हते, पण पीक झडायला लागलं की माणूस वाट बघत नाही. त्यांनी खिंडीपलीकडच्या लोहाराला निरोप धाडला. तो गाढवावर भाता लादून दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाला. काळाभोर, दणकट, कमी बोलणारा.

पाटलांनी ठरवलं, दोघांनी गावासमोर एकेक कोयता करायचा. खैराचा वासा ज्याच्या कोयत्यानं तुटेल त्याची भट्टी. आणि कुणीतरी म्हणालं, गुण सटवाजीचा नव्हताच, आत्याच्या मंत्राचा होता, म्हणून आगीपाशी लोहाराखेरीज कुणी थांबायचं नाही असंही ठरलं.

आत्या त्याच सकाळी परतली. वेशीवरच तिला सगळं कळलं. ती धावत भट्टीवर आली, पण पाटलांनी तिला हात जोडले. "आत्या, तुमी मागं थांबा." ती गर्दीत जाऊन उभी राहिली. भट्टी तिन्ही बाजूंनी उघडी, तिला सगळं दिसत होतं.

पलीकडच्या लोहाराचा कोयता आधी झाला. तीन घावांत वासा तुटला. लोक माना डोलवू लागले.

मग सटवाजी बसला. घडवण्यात त्याचा हात कुणाला ऐकणारा नव्हता, बोटांनाच सगळं माहीत होतं. पहिलं बुडवणंही जमलं. आचेच्या झळेवरून आणि लोखंडाच्या आवाजावरून त्यानं ते ओळखलं, असं म्हणतात. त्यानं पातं उजळलं आणि शेकायला धरलं. आता फक्त डोळ्यांचं काम होतं.

आत्याच्या तोंडात शब्द येऊन थांबला. बोलावं तर सगळ्या गावासमोर सटवाजीचं गुपित फुटणार. न बोलावं तर कोयता फुटणार. दोन्हीकडून त्याचं घर जाणार. आणि तिनं तर शपथ घेतलेली. तिनं ओठ घट्ट दाबले, इतके की रक्त आलं. पात्यावर गव्हाचं काड आलं. काडामागून मध सरकायला लागला.

तेवढ्यात सटवाजीनं मान वर केली. डोळे मिटून घेतले, तसेही ते उघडे असून नसल्यासारखेच होते. आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं,

"आत्या, रंग कोणता?"

गाव गप्प झालं. झाडावरचे कावळेही गप्प झाले, असं म्हणतात. 

"मध," ती म्हणाली. "थांब. अजून मधच. थांब, सटवा. कडेला वांगं आलंय. चालत येतंय. थांब... वांगं. घाल."

पाणी चर्रकन बोललं. सटवाजीनं कोयता वर काढला आणि मूठ न बसवताच पाटलांच्या हातात दिला. पाटलांनी फडकं गुंडाळून एकच घाव घातला. खैराचा वासा तुटला, वाशाखालचा ओंडका तुटला, ओंडक्याखालचा दगड दुभंगला आणि कोयत्याला कुठं खरचटलंही नाही. असं म्हणतात, आणि तो दगड करंजखिंडीत आजही दाखवतात.

पलीकडच्या लोहारानं तो कोयता घेतला आणि कपाळाला लावला. "ह्या गावाला लोहार हाय," तो म्हणाला. "एक बघतो, एक करतो. मला कशाला बोलावलं?" आणि त्यानं भाता गाढवावर लादला.

पाटलांनी विचारलं, "सटवाजी, कवापासून दिसत न्हाई तुला?"

"दोन सुग्या झाल्या, पाटील."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं, तर ह्यो गाढववाला दोन सुग्या आधी आला असता."

आधी पाटील हसले, मग सगळं गाव हसलं. भट्टी सटवाजीकडेच राहिली. मात्र पाटलांनी एक अट घातली, की सुगीच्या दिवसांत आत्यानं बाळंतपणाला जायचं नाही, बाळंतिणीनंच इकडे यायचं.

त्यानंतर त्या दोघांनी किती वर्षं काम केलं कोण जाणे. कुणी नऊ म्हणतं, कुणी एकवीस. शेवटी शेवटी आत्याचा आवाज इतका बारीक झाला होता की माणसाला ऐकू येत नसे, पण तापलेलं पातं तो ऐकून आपोआप पाण्याकडे झुकायचं, असं म्हणतात.

करंजखिंडीत आता वीज आली आहे. भट्टीला पंखा बसला आहे. लोहार तरुण आहे, त्याची नजर घारीसारखी आहे. पण सुगीआधी वर्षाचा पहिला कोयता होतो तेव्हा सगळं गाव भट्टीपाशी जमतं. लोहार पातं शेकायला धरतो, डोळे मिटतो आणि विचारतो, "आत्या, रंग कोणता?" जो सगळ्यांत जवळ उभा असेल त्यानं सांगायचं. मग तो मिशीवाला पाटील असो, शाळेचे मास्तर असोत, की वाट चुकून आलेला पाहुणा असो. तेवढ्यापुरता तोच आत्या. त्यानं "घाल" म्हटल्याशिवाय लोहाराचा हात हलत नाही.

कुणी रंग नीट सांगतं, कुणी घाबरून भलतंच बोलतं. चुकलं तर कोयता वाया जातो. दोन-चार वर्षांनी एखादा जातोच. पण लोहार डोळे उघडत नाही.