बुलबुलाचं भाषण

काही बिघडलं की माळावरचे प्राणी सभा भरवायचे, त्या काळातली ही गोष्ट. माळावर घाणेरीची झुडपं माजली होती. त्यांच्या दाट सावलीत गवत उगवेना आणि सशांची पिल्लं उपाशी राहू लागली.

शेवटी सगळे पळसाखाली जमले. म्हातारी सशीण म्हणाली, "रोपं उपटून उपटून आमचे पंजे सोलवटले, तरी नवी उगवतातच. हे बी आणतं तरी कोण?"

बुलबुल तुरा फुलवून फांदीवर उभा राहिला. "कुणीतरी परका चोर असणार! सापडला की हाकलून द्या त्याला!" बोलता बोलता तो असा रंगात आला, की त्याची शीट थेट खाली बसलेल्या कासवाच्या पाठीवर पडली. सशिणीनं वाकून पाहिलं. शिटेत घाणेरीच्या तीन बिया होत्या.

सगळी सभा खो खो हसली.

"फळं फार गोड असतात हो," बुलबुल पुटपुटला.

"असू देत," सशीण म्हणाली. "आता चल पुढे. तू कुठे कुठे बसतोस, ते दाखव."

बुलबुल मुकाट्यानं उडाला, आणि त्याच्या एकेका लाडक्या फांदीखाली ससे खणू लागले.