बाभळीची वाट

एका गावाला दोन वाटा होत्या. एक पेठेतून जायची. ती रुंद होती, सपाट होती, तिच्या दोन्ही बाजूंना दुकानं होती. दुसरी गावामागून, ओढ्याच्या कडेने जायची. ती बाभळीच्या बनातली वाट. लांबची, आणि पायात काटे मोडणारी. तिकडून जायचं कुणाला काही कारण नव्हतं.

तरी सटवाजी सणगर तीन वर्षं त्याच वाटेने जात-येत होता.

सणगर म्हणजे घोंगड्या विणणारा. सटवाजीचा हात चांगला होता. त्याच्या घोंगडीतून पाऊस आत येत नाही, असं लोक म्हणत. पण एका वर्षी त्याच्या मनाने काय घेतलं कोण जाणे, त्याने नेमाशेठ वाण्याकडून कर्ज काढलं आणि घोडी घेतली. घोंगड्या वाहायला एक गाढव पुरलं असतं. पण घोडीवर बसून बाजाराला गेलं की माणूस जरा उंच दिसतो. चार महिने सटवाजी उंच दिसला. मग घोडीच्या पोटात दुखायला लागलं आणि ती गेली. कर्ज राहिलं.

नेमाशेठचं दुकान पेठेत अगदी मधोमध. शेठ सकाळपासून ओट्यावर बसलेला असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करी. पहिला हप्ता चुकला तेव्हा सटवाजी मान खाली घालून दुकानावरून गेला. दुसरा चुकला तेव्हा त्याने बाभळीची वाट धरली.

एकदा वाट बदलली की पुष्कळ गोष्टी बदलतात. मंगळवारचा बाजार पेठेत भरायचा. तिथे सटवाजीला बसता येईना. मग ओढ्यापलीकडे एक दलाल यायचा, त्याला तो निम्म्या किमतीत घोंगड्या देऊ लागला. तेवढ्यात घर कसंबसं चाले, पण कर्ज फिटत नसे. कर्ज फिटत नाही म्हणून पेठेत जाता येत नाही, आणि पेठेत जाता येत नाही म्हणून कर्ज फिटत नाही. घाण्याच्या बैलासारखा तो गोल गोल फिरत होता.

संध्याकाळी त्याची बायको तुळसा विचारायची, "अहो, आज किती मोडले?"

"दोनच," तो म्हणायचा.

ती सुई घेऊन त्याचे पाय मांडीवर घ्यायची. निघायचे पाच.

बाभळीच्या वाटेवर त्याला दोन माणसं वरचेवर भेटत. एक सगुणाआक्का कासारीण, गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरणारी. सटवाजीने विचारलं, "आक्का, इकडे कुठे?" की ती म्हणायची, "शेळी सुटलीय रे. शोधतेय." दुसरे अंताजी वैद्य. गावात त्यांना मोठा मान. ते विचारायच्या आधीच सांगत, "मुळ्या शोधतोय. इथली मुळी गुणकारी असते." मग सटवाजीही सांगायचा, "मला बाभळीची साल हवीय. रंगाला." तिघंही माना हलवत आणि एकमेकांकडे न बघता पुढे जात.

एका मंगळवारी सकाळी सटवाजीच्या टाचेत मोठा काटा मोडला. तो खाली बसला. पाय उलटा करून बघू लागला, पण काटा अशा जागी होता की त्याचा त्याला दिसेना. तेवढ्यात सगुणाआक्का आली. तिने बाभळीचाच एक लांब काटा मोडून घेतला आणि त्याची टाच हातात धरली.

"हलू नकोस. एवढा बाप्या माणूस, आणि विव्हळतोस काय?"

पाठोपाठ वैद्यबुवा आले. खांद्याला झोळी होती. सवयीने म्हणाले, "मुळ्या शोधतोय."

आक्काने मान वर केली नाही. "वैद्यबुवा, तीन वर्षं मुळ्या उपटताय. एव्हाना पाताळ लागलं असतं."

वैद्यबुवांना राग आला. "आणि तुमची शेळी? ती तर गेल्या शिमग्यात मेली. औषध मीच दिलं होतं."

"म्हणून तर मेली," आक्का म्हणाली.

मग सटवाजीला हसू फुटलं. मग आक्काला. शेवटी वैद्यबुवा इतके हसले की त्यांची झोळी खांद्यावरून घसरून खाली पडली. झोळीत एकही मुळी नव्हती.

काटा निघाला. रक्ताचा एक थेंब आला आणि सटवाजीला बरं वाटलं. कशाने कोण जाणे, पण त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला नेमाशेठचं देणं आहे. त्या घोडीचं." तीन वर्षांत हे त्याने तुळसाखेरीज कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

"मलाही शेठचंच आहे," आक्का म्हणाली. "उधारीने गाडीभर बांगड्या आणल्या. गाडी ओढ्यात उलटली. एक बांगडी धड हाती लागली नाही."

वैद्यबुवांनी पडलेली झोळी उचलून खांद्याला लावली. मग हळूच म्हणाले, "मी भावाला जामीन राहिलो. भाऊ मुलूख सोडून गेला. लोक नाडी दाखवायला माझ्यापुढे हात धरतात. त्यांना कसं सांगू, की शेठचं दुकान दिसलं की माझ्याच छातीत धडधडतं?"

सटवाजी दोघांकडे बघत राहिला. गावात तोंड लपवणारा आपण एकटेच, असं त्याला वाटत होतं. देणं होतं तेवढंच होतं. त्यातली एक पैही कमी झाली नव्हती. तरी अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

आक्का पदर झटकून उठली. "पुढच्या मंगळवारी मी पेठेतून जाणार. एकटीचे पाय उचलायचे नाहीत. येता का दोघं?"

"हातात काय घेऊन जायचं?" वैद्यबुवांनी विचारलं.

"असेल ते."

"आणि काहीच नसेल तर?" सटवाजी म्हणाला.

"नसेल तर तोंड घेऊन जायचं. ते तर आहे ना?"

गावाबाहेर दोन वाटा जिथे फुटत, तिथे एक लिंबाचं झाड होतं. दर मंगळवारी सकाळी तिथे जमायचं आणि मिळून पेठेतून जायचं, असं ठरलं. हातात असेल ते शेठला द्यायचं. नसेल तर दुकानापुढे उभं राहून सांगायचं, आज नाही. पण वाट बदलायची नाही.

पहिल्या मंगळवारी सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नेमाशेठ ओट्यावर गूळ तोलत होता. तिघांना बघून त्याच्या हातातला तराजू तसाच अधांतरी राहिला.

सटवाजीने त्याच्यापुढे दोन रुपये ठेवले. "शेठ, तीन वर्षांनी येतोय. थोडेच आहेत."

शेठने तिघांचे पैसे दोनदा मोजले. वाणी होता तो, संत नव्हता. पण मोजून झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, मला वाटलं, गावाने मला वाळीत टाकलं. वैद्यबुवासुद्धा इकडे फिरकेनात. मी घरात विचारलं, माझं काही चुकलं का म्हणून."

त्याने हप्ते लहान करून दिले. व्याज मात्र सोडलं नाही.

त्या दिवशी सटवाजी पुष्कळ दिवसांनी बाजारात बसला. एक म्हातारा धनगर त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. "कुठे उलथला होतास रे? तुझी वाट बघून बघून माझी घोंगडी फाटली." त्याने पुऱ्या किमतीत नवी घोंगडी घेतली आणि भावासाठी आणखी एक सांगून ठेवली.

मंगळवारमागून मंगळवार गेले. लिंबाखाली तिघं एकमेकांना विचारत, या आठवड्यात काय काय वाचवलं? वैद्यबुवांनी तंबाखू सोडली. "माझ्या काढ्यापेक्षा कडू आहे हे," ते म्हणाले. सटवाजी घोंगड्यांचं ओझं डोक्यावर घेऊन येई. ते बघून आक्का म्हणाली, "आता बघ कसा उंच दिसतोस!" सटवाजीला राग आला नाही. तोही हसला.

मग पावसाळा आला. लोकर दमट झाली, माग बंद पडला. तीन मंगळवार सटवाजी शेठपुढे उभा राहून "आज नाही" म्हणाला. चौथ्या मंगळवारी तो लिंबापाशी थांबलाच नाही. बाभळीच्या वाटेवर दोन पावलं टाकली.

मागून आक्काचा आवाज आला. "सटवा, काटे गोड लागायला लागले का?"

तो वळला. त्याचे डोळे भरले होते. "आक्का, चौथ्यांदा कसं म्हणू?"

"तीनदा म्हटलंस तसंच. जीभ काही झिजत नाही."

वैद्यबुवांनी त्याचा हात धरला. बोटं मनगटावर ठेवली आणि थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने उभे राहिले. "ठोके ठीक आहेत. चल."

तिघं गेले. सटवाजी म्हणाला, "शेठ, आज नाही." शेठ म्हणाला, "बरं." आणि पुन्हा डाळ तोलू लागला. एवढंच झालं. चालता चालता सटवाजीच्या मनात आलं, एवढ्याशा 'बरं'ला भिऊन आपण तीन वर्षं काटे तुडवले.

त्यानंतर ऊन पडलं, लोकर वाळली, माग पुन्हा चालू झाला. पुढच्या दिवाळीत आक्काचं देणं फिटलं. तरी ती मंगळवारी लिंबाखाली यायचीच. "मला काय, बांगड्या विकायला यायचंच असतं," म्हणायची. संक्रांतीला सटवाजीचंही फिटलं. शेठने त्याच्यासमोर कागद फाडला आणि हातावर तिळगूळ ठेवला.

सटवाजी घरी येऊन भिंतीला टेकून बसला. तुळसाने सवयीने सुई घेतली, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि निरखून बघितले. एकही काटा नव्हता. तिने सुई पुन्हा भिंतीला खोचून ठेवली. त्या दुपारी सटवाजी माणसाने झोपावं तसा झोपला.

पुढच्या मंगळवारी त्याला शेठकडे काही काम नव्हतं. तरी तो वेळेवर लिंबाखाली जाऊन उभा राहिला. आक्का लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. वैद्यबुवा यायला हवे होते. ऊन वर आलं, तरी ते आले नाहीत. त्यांचं देणं सगळ्यांत मोठं होतं. अजून बरंच बाकी होतं.

सटवाजीने एकदा पेठेच्या वाटेकडे बघितलं. ती आता त्याची होती, मान वर करून चालावी अशी. मग तो बाभळीच्या बनात शिरला.

वाट ओळखू येईना इतकं गवत माजलं होतं. बनाच्या मध्यावर एका दगडावर वैद्यबुवा झोळी मांडीवर घेऊन बसले होते. त्याला बघून ते दचकले. "इकडे कुठे?"

"शेळी सुटलीय," सटवाजी म्हणाला. "शोधतोय."

वैद्यबुवा त्याच्याकडे बघत राहिले. "तुझ्याकडे शेळी नाही."

"नाही. आणि तुमच्याकडे मुळ्या नाहीत."

वैद्यबुवांची मान खाली गेली. "आक्काचं फिटलं. तुझं फिटलं. मी एकटा उरलो रे. एकट्याला ती पेठ फार रुंद वाटते."

"एकटे कुठे? मी येतोय ना."

"तुझं आता दुकानात काय काम?"

"तुळसाने मीठ आणायला सांगितलंय."

घरात महिन्याचं मीठ होतं. ते वैद्यबुवांनाही कळलं असावं. पण ते उठले. दोघं मागे फिरले आणि पेठेतून गेले. वैद्यबुवांनी हातातले पैसे शेठपुढे ठेवले. सटवाजीने शेरभर मीठ घेतलं.

पुढच्या मंगळवारीही त्याने मीठ घेतलं. त्याच्या पुढच्याही. आक्का लेकीकडून परतली आणि तीही मीठ घेऊ लागली.

वैद्यबुवांचं देणं फिटलं तेव्हा कैऱ्यांचे दिवस आले होते. सटवाजीच्या घरात एवढं मीठ साठलं होतं, की तुळसाने आळीतल्या सगळ्या कैऱ्या आणून लोणचं घातलं. एक बरणी आक्काकडे गेली, एक वैद्यबुवांकडे आणि एक नेमाशेठकडे. शेठने फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "मीठ जरा जास्त झालंय."

बाभळीची वाट नंतर बुजूनच गेली. तिकडून कुणी जात नाही.

तात्पर्य: कर्ज लपवलं की वाढतं, चार माणसांत उघडं केलं की त्यांच्या सोबतीने फिटतं. आणि आपलं फिटलं, तरी मागे राहिलेल्याला न्यायला परत जावं.