एका मोळीवर चाललेली भट्टी

श्रीमुक्तानाथ महाराज त्या वर्षी चातुर्मासासाठी चिंचसावळीत उतरले होते. ओढ्याच्या काठी, म्हसोबाच्या देवळामागे एक पडकी धर्मशाळा होती, तिथेच त्यांचा मुक्काम असे. भक्तांनी गावात चांगली कौलारू जागा देऊ केली, तर महाराज म्हणाले, "इथंच बरं आहे. दाराला कडी नाही, त्यामुळं येणाऱ्याला कुणाला विचारावं लागत नाही." अशी ती माउली! आणि खरोखरच, ज्यांना गावात कुणी दारात उभं करत नसे, तेच लोक तिथे जास्त दिसत.

त्यातलाच एक लिंबाजी भडभुंजा. वेशीजवळ त्याची भट्टी होती. लोकांनी आपलं धान्य आणायचं, याने ते तापल्या वाळूत भाजून द्यायचं, आणि पायलीमागे एक ओंजळ भाजणावळ म्हणून ठेवून घ्यायची, ही बापजाद्यांपासूनची रीत. वाळू चाळायला राहीबाई नावाची एक विधवा बाई होती. तिलाही त्याच ओंजळीतून वाटा मिळे. दोन घरं त्या ओंजळीवर कशीबशी तग धरून होती.

पण डोंगरापलीकडे रेल्वेचं काम निघालं आणि लाकडाच्या गाड्याच्या गाड्या तिकडे वळल्या. दोन आण्यांची मोळी चार आण्यांवर गेली, मग सहावर. ज्वारीही महागली. लिंबाजीने एकदा भीतभीत दोन ओंजळी मागून पाहिल्या, तर बायकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्याही घरात दाणा मोजूनच शिजत होता. बिचारा लिंबाजी पुन्हा एका ओंजळीवर आला आणि आपलं एक वेळचं जेवण त्याने बंद केलं. राहीबाईला मात्र त्याने हे कळू दिलं नाही.

श्रावण लागला. नागपंचमीला घरोघरी नागोबाला लाह्या लागतात, आणि त्या दिवशी कुणी चुलीवर तवा ठेवत नाही, काही भाजत नाही. म्हणून गावाच्या सगळ्या लाह्या चवथीलाच व्हायला हव्यात. वर्षातला हा एकच दिवस लिंबाजीला पुढचे दोन महिने तारून नेई. गावातल्या वखारीचे मालक रायाजीराव यांनी शब्द दिला होता, "चवथीला सकाळी दहा मोळ्या पाठवतो, जुन्या भावानं." त्या शब्दावर विसंबून लिंबाजीने तिजेच्या संध्याकाळीच गावाची सारी ज्वारी उकळत्या पाण्यातून काढली आणि फडक्यांत बांधून ठेवली. लाह्यांची ज्वारी अशीच मुरवावी लागते. पण एकदा मुरली की दुसऱ्या दिवशी भाजलीच पाहिजे, नाहीतर आंबून जाते. जळण दारात येण्याआधी धान्याला पाणी दाखवायचं नसतं, हे भडभुंज्याचं पोरही जाणतं. लिंबाजी तेवढंच विसरला.

चवथ उजाडली, मोळ्या काही आल्या नाहीत. लिंबाजी वखारीत गेला, तर रायाजीराव पान जुळवत बसले होते.

"काल रेल्वेचा माणूस आला होता. आता मोळी आठ आण्याला. घ्यायची तर घे," ते म्हणाले.

"मालक, आवंदा येवढ्या डाव तरी... समद्या गावाची ज्वारी मुरवून बसलोय म्या."

"ती काय माझ्या सांगण्यावरून मुरवलीस?" रायाजीराव हसले. "त्या ओढ्यावरच्या गोसाव्याकडं पडीक असतोस ना रोज? त्याचा अंगारा टाक भट्टीत. भडभड पेटेल."

वखारीतले हमालही हसले. लिंबाजी मान खाली घालून निघाला आणि थेट धर्मशाळेत आला. महाराजांपाशी त्याने लाकूड मागितलं नाही. तो नुसता रडला. "महाराज, गावाचं अन्न नासलं माझ्या हातनं. आता भट्टी मोडायची. राहीबाईला काय सांगू? तिला दुसरं दार न्हाई."

महाराजांनी विचारलं, "घरात जळण काय आहे?"

"तुराट्यांची एक मोळी. दोन पायल्याबी व्हायच्या न्हाईत तिच्यावर. गवऱ्या तर पार भिजल्यात."

महाराज म्हणाले, "तीच पेटव. वर आणखी काही घालू नकोस. शेवटचा दाणा फुटेपर्यंत भाजत राहा."

लिंबाजीचा विश्वास बसला का? खरं सांगायचं तर नाही. पण दुसरा इलाजच नव्हता. त्याने मोळी पेटवली, वाळू तापली आणि पहिल्या घाण्यालाच ज्वारी तडतडून पांढरीशुभ्र फुलली. दोन पायल्या झाल्या, चार झाल्या. दुपारपर्यंत तुराट्यांची राख झाली, तरी कढईतली वाळू तशीच धगधगत होती! बाहेर बायकांची रांग लागली होती. राहीबाई चाळणं थांबवून म्हणाली, "मालक, खाली जाळ न्हाई आन् वाळू तापतीया. मला भ्या वाटतंय वं."

"चाळत राहा, बाई," लिंबाजी म्हणाला. त्याने पुढचा घाणा कढईत ओतला.

ही गोष्ट वखारीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! रायाजीराव तरातरा आले. "माझ्या वखारीतलं लाकूड चोरलंस!" त्यांनी भट्टीमागे पाहिलं, घरात पाहिलं, कुठे एक ढलपीही सापडेना. शेवटी त्यांनी भट्टीच्या तोंडात हात घातला. राख गार होती. क्षणभर ते गडबडले, पण ताठा कसला जातो! लिंबाजीचं मनगट धरून ते ओरडले, "चल तुझ्या गोसाव्याकडं. त्याच्यासमोर कबूल कर."

मागे राहीबाई एकटीच भाजत राहिली.

धर्मशाळेत महाराज घोंगडीवर पडून होते. चेहरा लालबुंद झाला होता, ओठ सुकून फुटले होते. रायाजीराव दारातूनच बोलू लागले, पण लिंबाजी मनगट सोडवून पुढे धावला. त्याने महाराजांच्या पायांना हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तळव्यांवर टरारून फोड आले होते.

तेव्हा कुठे त्याला उमगलं, की सकाळपासून भट्टीत काय जळत होतं.

"महाराज!" त्याने हंबरडा फोडला. "म्या कशापायी आलो तुमच्याकडं! आत्ता जाऊन वाळू वतून देतो."

"धान्य किती राहिलं?" महाराजांचा आवाज खोल गेला होता.

"एक पायली. आन् राहीबाईची ओंजळभर. तिचं समद्यांच्या शेवटी असतं."

"मग तिचं होऊ दे."

"पर तुमी असं..."

"लिंबाजी, भाव चढला की तो कुणाच्या तरी अंगावर येतोच बाबा. एरवी तो तू सोसतोस, ती बाई सोसते. तुम्ही उपाशी निजता ते कुणाला दिसत नाही. आज मी सोसलं, एवढंच."

रायाजीराव दारातच खिळले होते. गार राखेत घातलेला आपला हात ते पाहत होते. मग ते पुढे आले, गुडघ्यांवर बसले आणि महाराजांच्या पायांवर त्यांनी डोकं टेकवलं. चटका बसला. डोकं मागे आलं. त्यांनी ते पुन्हा टेकवलं, आणि या वेळी उचललं नाही.

"लिंबाजी," ते तसेच, खाली मुंडी घालून म्हणाले, "वखार उघडीच आहे. लागेल तेवढं लाकूड ने. भाव विचारू नकोस. पळ रे, पळ!"

लिंबाजी धावत सुटला. दोन ओंडके खांद्यावर घेऊन तो भट्टीवर पोचला, ते आत सारून त्याने काडी लावली आणि फुंकर घातली. ओंडके पेटले. पायली झाली, आणि सर्वांत शेवटी राहीबाईची ओंजळही फुलली.

तिकडे महाराजांचे पाय हळूहळू निवत गेले. फोडांचे व्रण मात्र राहिले, आणि त्यानंतर महाराज नेहमी थोडे लंगडतच चालले. संध्याकाळी लिंबाजी लाह्यांचा प्रसाद घेऊन परत आला, तेव्हा रायाजीरावांचं डोकं अजून त्या पायांवरच होतं.