लोणच्यात मीठ कोणी घातलं?

माझ्या सासरी लोणच्याचा कारखाना आहे आणि कारखान्यात मामंजींचा दरारा. काही बिघडलं की ते आधी विचारत, "कोणी केलं?" कामाला असलेल्या बायकांपैकी जिचं नाव निघे, तिने दिवसभर दारात उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असं.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांच्यातल्या शेवंताबाई पिंपात मीठ घालायला विसरल्या आणि दारात उभ्या राहिल्या. पुढच्या पिंपातलं लोणचं मात्र इतकं खारट झालं की चाखताच मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोणी केलं?" ते गरजले. "नाव कळलं नाही, तर शेवंताबाई, मागचं पिंपही तुम्हीच बिघडवलं होतं, उद्यापासून तुम्ही येऊ नका!"

शेवंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"मामंजी, नाव मला माहीत आहे," मी म्हणाले.

"सांग, सूनबाई!"

"तुमचं."

कोणाच्या तरी हातातला डाव खाली पडला.

"दारात उभं राहायची वेळ येऊ नये म्हणून जी ती मूठभर मीठ टाकून गेली. 'तू घातलंस का?' हे विचारायचीही कोणाची छाती झाली नाही. हात ह्यांचे होते, मामंजी. मीठ तुम्हीच घातलंत."

मामंजींनी पिंपावर झाकण ठेवलं. "मग आता मी दारात उभा राहू की काय?"

"राहा की!" शेवंताबाई रडता रडता बोलून गेल्या. "कैऱ्यांचा टेम्पो आला की आत घ्या. फोडी वाढवल्या की खारटपणा उतरेल."

आधी मामंजीच हसले. थोड्या वेळाने कैऱ्यांची पहिली पाटी डोक्यावर घेऊन तेच आत आले.

"किती फोडी लागतील, बाई?" त्यांनी विचारलं. "सांगा, मी चिरायला बसतो."